हाताची साक्ष : एका खेळ-संग्रहालयाचे परीक्षण

वस्तुसंग्रहालयाविषयी आपल्या मनात एक ठराविक कल्पना असते. वस्तू काचेच्या आत, पाहणारा काचेच्या बाहेर, आणि दोहोंच्या मध्ये ‘हात लावू नये’ अशी पाटी. तलवार असो, ताम्रपट असो वा एखाद्या सरदारघराण्यातील नथ असो, संग्रहालयात आलेली वस्तू आपल्या पूर्वायुष्यातून निवृत्त झालेली असते. तलवारीने यापुढे कापावयाचे नसते आणि नथीने मिरवावयाचे नसते. ही निवृत्ती आपण निमूटपणे मान्य केली आहे, कारण वस्तू टिकवावयाची तर ती वापरातून काढलीच पाहिजे, हे आपल्याला स्वयंसिद्ध वाटते. या गृहीतालाच आव्हान देणारे एक संग्रहालय अमेरिकेच्या कौटुंबिक प्रवासात पाहावयास मिळाले. खेळण्याच्या यंत्रांचे संग्रहालय हा विषय प्रथमदर्शनी या नियतकालिकाच्या वाचकांस परका वाटेल. परंतु त्या संग्रहालयाने उभा केलेला प्रश्न आपल्या देवळांच्या दारातही उभा आहे, म्हणून त्याचे परीक्षण येथे करण्याचे योजिले आहे.

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठी, ओकलंड शहराला लागून, आल्मेडा नावाचे बेट आहे. त्या बेटावरील वेब्स्टर रस्त्यावर, दुकानांच्या ओळीत, ‘पॅसिफिक पिनबॉल म्युझियम’ ही संस्था आहे. २००२ साली एका लहानशा खोलीत तिचा आरंभ झाला आणि पुढे नफा न वाटणारी सार्वजनिक संस्था म्हणून ती नोंदली गेली. आम्ही तेथे गेलो ते मुलांच्या हट्टास्तव. वाटेत सौभाग्यवतींनी ‘एवढा समुद्र ओलांडून यायचे ते गोट्या खेळायला का?’ असा प्रश्न केला, आणि त्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. दाराशी प्रवेशमूल्य भरले की पुढे सारा दिवस कोणत्याही यंत्रावर, नाणे न टाकता, मनसोक्त खेळण्याची मुभा होती. खेळावयास ठेवलेली यंत्रे सुमारे शंभर होती. संस्थेचा एकूण संग्रह त्याच्या कितीतरी पट मोठा असून तो अन्यत्र साठविलेला असतो.

ज्यांनी हे यंत्र पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे वर्णन आवश्यक आहे. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी खिळे ठोकलेली एक लाकडी पाटी खेळली असेल. एका कडेने गोटी वर उडवावयाची, ती खिळ्यांवर आपटत खाली येते आणि ज्या घरात अडकेल त्या घराचे गुण मिळतात. पिनबॉल हे त्याच पाटीचे थोरले भावंड होय. चार पायांवर उभी असलेली, खेळणाऱ्याकडे किंचित उतरती अशी फळी, तिच्यावर काच, आणि आत सुमारे २७ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी. गोळी दट्ट्याने वर जाते. वाटेत तिला धक्के देणारे खांब, घंटा, कमानी, खळगे भेटतात. आणि उताराच्या नियमाने ती पुन्हा खाली येऊ लागते. तळाशी दोन आखूड पाती असतात, त्यांना फ्लिपर म्हणतात. यंत्राच्या दोन्ही बाजूंना असलेल्या कळा दाबल्या की ही पाती उसळतात आणि खाली येणारी गोळी पुन्हा वर फेकतात. गोळी पातींच्या मधून निसटली की ती गेली. यंत्राच्या माथ्यावर एक रंगविलेली, आतून उजळलेली काच असते, तिच्यावर गुण दिसतात. सारा खेळ एवढाच आहे.

एवढ्याशा खेळाला इतिहास मात्र मोठा आहे, आणि तो इतिहास यंत्रांच्या कालक्रमाने चालत जाऊन समजून घेण्याची सोय तेथे होती. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये बिलियर्डचे मेज आखूड करून बॅगाटेल नावाचा खेळ रूढ झाला. १८७१ साली माँटेग्यू रेडग्रेव्ह या गृहस्थाने अमेरिकेत त्या खेळातील सुधारणांचे पेटंट घेतले आणि काठीच्या जागी स्प्रिंगचा दट्ट्या आणला. १९३१ साली गॉटलिब कंपनीने ‘बॅफल बॉल’ हे मेजावर ठेवण्याजोगे यंत्र काढले. तो महामंदीचा काळ होता. खिशात डॉलर नव्हता तरी सेंट होता, आणि एका सेंटात काही गोळ्या उडविता येत होत्या. ही यंत्रे सुमारे ५०,००० खपली. त्या दशकात यंत्रात वीज आली आणि घंटा आली. यंत्र फार हलविले तर खेळ बंद पाडणारी ‘टिल्ट’ नावाची युक्तीही तेव्हाचीच. माझ्यासारख्या वकिलाला या युक्तीचे विशेष कौतुक वाटले. यंत्राला हळूच कोपरखळी मारलेली चालते, कारण ते खेळाचेच अंग आहे. परंतु मर्यादा ओलांडली की खेळाडूची ती गोळी जप्त होते. गुन्हा आणि शिक्षा यांच्यामध्ये तारीख पडत नाही. इतकी लहान आणि इतकी तत्पर दंडसंहिता मी अन्यत्र पाहिलेली नाही.

त्याच दशकात काही यंत्रे जिंकणाऱ्याच्या हातात नाणीही टाकू लागली, आणि येथे खेळाची कायद्याशी गाठ पडली. त्या काळच्या यंत्रांना फ्लिपर नव्हते. दट्ट्या सोडल्यावर खेळाडूने पाहत राहावयाचे, फार तर यंत्राला धक्का द्यावयाचा. बाकी सारे खिळ्यांच्या आणि दैवाच्या स्वाधीन. तेव्हा हा खेळ नसून नाणे गिळणारा जुगार आहे, असा आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूला बरेच तथ्य होते. १९४२ साली न्यूयॉर्कचे महापौर फिओरेल्लो ला ग्वार्डिया यांनी शहरात बंदी आणली. पोलिसांनी हजारो यंत्रे जप्त केली, आणि महापौर स्वतः हातात घण घेऊन ती फोडतानाची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. शाळकरी मुलांच्या खिशातील पैसे ही यंत्रे लुटतात आणि ते गुंडांच्या टोळ्यांना पोचतात, असे त्यांचे म्हणणे होते. शिकागो आणि लॉस अँजेलिस या शहरांतही निषेधाचे हुकूम होते.

यानंतर पाच वर्षांनी, १९४७ मध्ये, गॉटलिब कंपनीचे ‘हम्प्टी डम्प्टी’ हे यंत्र बाहेर पडले. हॅरी मॅब्स यांनी योजिलेल्या या यंत्रावर प्रथमच विजेवर उसळणारे सहा फ्लिपर होते. पुढच्याच वर्षी जेन्को कंपनीच्या ‘ट्रिपल अ‍ॅक्शन’ यंत्रात स्टीव्ह कोर्डेक यांनी दोनच फ्लिपर तळाशी ठेवले, आणि आजही यंत्राची ठेवण साधारणतः तीच आहे. पुस्तकात वाचताना ही एक यांत्रिक सुधारणा वाटते. परंतु फ्लिपर नसलेल्या जुन्या यंत्रावर दहा मिनिटे आणि फ्लिपर असलेल्या यंत्रावर दहा मिनिटे खेळून पाहावे, म्हणजे त्या सुधारणेचा अर्थ मनगटाला कळतो. पहिल्या यंत्रापुढे आपण कौल लावून बसलेले असतो. दुसऱ्या यंत्रापुढे आपण कर्ते असतो. गोळी अडवून धरता येते, क्षणभर थांबविता येते, नेम धरून हव्या त्या कमानीत घालता येते. कौलाचे कौशल्य झाले ते या दोन इंचांच्या पातीमुळे. मात्र कायद्याला ही गोष्ट उमगण्यास जवळजवळ तीस वर्षे लागली.

ती कशी उमगली, ही हकीकत या संग्रहालयाच्या मर्माशी येऊन भिडते. १९७४ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने लॉस अँजेलिस शहराची बंदी अवैध ठरविली. न्यूयॉर्कमध्ये हा प्रश्न १९७६ साली नगरपरिषदेच्या समितीपुढे आला. तेथे रॉजर शार्प या तरुण पत्रकाराला साक्षीसाठी पाचारण करण्यात आले. त्याने युक्तिवाद केला, परंतु समितीचे समाधान झाले नाही. तेव्हा सभागृहात यंत्र मांडून त्याने खेळून दाखविले, आणि शेवटी दट्ट्या ओढण्यापूर्वी, ही गोळी आता वरच्या मधल्या वाटेने जाईल असे सांगून त्याने ती खरोखरच त्या वाटेने घातली. बंदी उठली. त्या फटक्यात दैवाचाही वाटा होता, असे शार्प याने पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. ही कबुली मला त्या साक्षीइतकीच मोलाची वाटते, कारण कौशल्य आणि दैव यांच्यामधील सीमारेषा किती पुसट आहे हे तिच्यातून कळते. पण माझा मुद्दा वेगळा आहे. कागदपत्रे, तज्ज्ञांची मते, वकिलांची भाषणे यांनी जे सिद्ध झाले नाही ते हाताने सिद्ध झाले. आपल्या नैयायिकांनी प्रत्यक्षाला प्रमाणांत पहिले स्थान दिले आहे, त्याचे इतके रोकडे उदाहरण क्वचितच सापडेल. समितीपुढचे यंत्र बंद असते, नुसते पाहण्यासाठी ठेवलेले असते, तर ते मुके राहिले असते.

पाहणे आणि खेळणे यांतील हा भेद ज्या संस्थेने आपल्या मांडणीचा पाया केला, तिचे म्हणूनच अभिनंदन केले पाहिजे. ‘हात लावू नये’ ही पाटी तेथे नसणे ही केवळ मुलांना खूष करण्याची युक्ती नव्हे, तो एक विचार आहे. वस्तूचा अर्थ जर तिच्या क्रियेत असेल, तर क्रिया बंद करून ठेवलेली वस्तू ही वस्तूचे कलेवर होय. हा विचार किती गांभीर्याने केला आहे हे दाखविणारे एक यंत्र तेथे पारदर्शक करून ठेवले होते. लाकडी पेटीऐवजी पारदर्शक पेटी, आणि तिच्या आत तारांचे जुडगे, वेटोळी, उघडझाप करणारे रिले, गुण मोजणारी दातेरी चाके, सारे उघड्यावर. वरती गोळी खांबाला थडकली की खाली कोठे तरी एक चाक एका दात्याने पुढे सरकते. गणकयंत्राचा मेंदू या खेळात १९७५ नंतर शिरला. त्यापूर्वीचा सारा हिशेब अशा लोखंडी हातांनी होत होता. त्या यंत्रापुढे माझी कन्या बराच वेळ उभी होती. ‘बाबा, याला विचार करताना बघता येतं,’ असे ती म्हणाली. एखाद्या जाड ग्रंथातील प्रकरणाने जे साधले नसते ते तिला त्या पेटीने एका दृष्टीत शिकविले.

आता गुणांबरोबर दोषांचाही विचार केला पाहिजे.

माथ्यावरच्या रंगीत काचांपासून सुरुवात करू. गॉटलिब कंपनीच्या यंत्रांसाठी रॉय पार्कर यांच्यासारख्या चित्रकारांनी कित्येक वर्षे अशा काचा रंगविल्या. रेषा सफाईदार, रंग भडक पण परस्परांशी सुसंवादी, आणि गर्दीच्या दृश्यातही कोपऱ्यात एखादा विनोद लपविलेला, अशी ही कला आहे. भिंतीवरच्या चित्राप्रमाणे ती पाहावी, असा मोह होतो. पण तसे पाहणे अपुरे आहे. या चित्रांचे प्रयोजन रस्त्याने जाणाऱ्याचा हात खिशाकडे वळविणे हे होते, आणि त्यासाठी त्यांनी स्त्रीदेहाचा जो सर्रास वापर केला त्याकडे केवळ ‘त्या काळची रीत’ म्हणून दुर्लक्ष करता येणार नाही. हा खेळ पुरुषांच्या अड्ड्यांवर वाढला, याची ती लेखी कबुलीच आहे. आज त्याच यंत्रांपुढे सहकुटुंब मंडळी उभी राहतात, हा बदल मोठा आहे, आणि तो कसा घडला याविषयी पाहणाऱ्याने स्वतःशी विचार करावा एवढी जागा त्या चित्रांत नक्कीच आहे.

दुसरा विचार अधिक मूलगामी आहे. त्या दालनांत यंत्र आहे, गोळी आहे, घंटा आहे. नाणे मात्र नाही. मराठीत ‘पण’ हा फार अर्थपूर्ण शब्द आहे. द्यूतात लावावयाचे द्रव्य म्हणजे पण, आणि त्यावरूनच ‘सर्वस्व पणाला लावणे’ हा प्रयोग आला. शेवटचे नाणे टाकलेल्या माणसाची गोळी आणि फुकट मिळालेली शंभरावी गोळी या दिसण्यात एक असल्या तरी त्या दोन वेगळ्या गोळ्या आहेत. माझ्या चिरंजीवांनी गोळी निसटू दिली आणि खांदे उडवून पुन्हा कळ दाबली, तेव्हा हे ध्यानात आले. गमावण्यासारखे काही नसले की जपण्यासारखेही काही उरत नाही. यंत्र जसेच्या तसे जपले गेले, परंतु यंत्र आणि माणूस यांच्यामधील करार जपला गेला नाही.

तथापि हा दोष आहे की गुण, याचा निकाल देताना माझी लेखणी थबकते. कारण याच नाण्याने हा खेळ एकदा जुगाराच्या पंक्तीला बसविला होता. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तापासून सभापर्वातील द्यूतापर्यंत आपल्या परंपरेने फाशांचे भय सतत बाळगले आहे. मनुस्मृतीने निर्जीव वस्तूंनी खेळावयाचे ते द्यूत आणि प्राण्यांच्या झुंजीवर लावावयाचे ते समाह्वय, असे दोन भेद करून दोन्ही राज्यातून हद्दपार करावीत असे सांगितले. कौटिल्य अधिक व्यवहारी. त्याने द्यूताध्यक्ष नेमला, जुगार एका ठिकाणी आणला, आणि जिंकलेल्या धनातून शेकडा पाच राजाकडे घ्यावे असे म्हटले. आधुनिक कायदाही याच दोन टोकांमध्ये झोके घेत आला आहे. १८६७ च्या जुगारविषयक कायद्याने केवळ कौशल्याचे खेळ वगळले. १९५७ साली चमारबागवाला प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा व्यापारच नव्हे असे ठरविले आणि कौशल्याच्या स्पर्धा त्यापासून वेगळ्या काढल्या. १९६७ साली सिकंदराबादच्या एका क्लबाच्या प्रकरणात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरला. उलट २०२५ साली संसदेने ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा केला, त्यात पैसा लावून खेळला जाणारा खेळ कौशल्याचा की दैवाचा, हा भेदच बाजूला ठेवला गेला. पण लागला की निषेध लागला. म्हणजे एका काळी कायदा हात पाहत होता, आता तो नाणे पाहू लागला आहे.

गोव्याच्या वाचकांस याविषयी अधिक सांगावयास नको. ज्या १९७६ साली न्यूयॉर्कने पिनबॉलवरील बंदी उठविली, त्याच साली गोवा, दमण व दीव या प्रदेशाचा जुगारप्रतिबंधक कायदा झाला. आणि १९९२ व १९९६ च्या दुरुस्त्यांनी त्याच कायद्यात पंचतारांकित हॉटेलांतील नाणी गिळणारी यंत्रे आणि पाण्यावरील जहाजे यांना वाट करून देण्यात आली. मांडवीच्या पात्रात नांगरलेल्या त्या जहाजांत जी यंत्रे आहेत त्यांत नाणे आहे, पण हाताला वाव नाही. आल्मेड्याच्या दालनात हाताला पुरा वाव आहे, पण नाणे नाही. दोन्ही पाहिलेल्या माणसाला निवड करण्यास फारसा वेळ लागू नये. पण काढून घेतल्याने पिनबॉलचा थोडा थरार उणा झाला असेल. त्या बदल्यात तो निखळ क्रीडा झाला. न्यूयॉर्कच्या सभागृहात जे साक्षीने सिद्ध करावे लागले, ते या संस्थेने नाणे वगळून आपोआप सिद्ध केले आहे. या व्यवहारात संस्थेला लाभच झाला, असा माझा निवाडा आहे.

तिसरा विचार झिजेचा. ऐंशी ग्रॅम वजनाची पोलादी गोळी रंगविलेल्या लाकडावरून दिवसभर धावते. खळग्यांच्या कडा उडतात, रंग खरवडला जातो, रबरी कड्या चिरतात, वेटोळी जळतात. खेळू देणे म्हणजे झिजू देणे, यात संशय नाही. काचेच्या आड ठेवलेले यंत्र शंभर वर्षे तसेच राहील. येथले यंत्र दरसाल थोडे थोडे नाहीसे होते. यावर त्या संस्थेपाशी असलेले उत्तर एकच : दुरुस्ती करणारे हात. कडी बदलावयाची, तार डाखावयाची, फळी पुसून गुळगुळीत करावयाची. आणि हे सारे करू शकणारी माणसे घडवीत राहावयाचे. म्हणजे तेथे यंत्राबरोबर कारागिरीचेही जतन होते, किंबहुना कारागिरी टिकली तरच यंत्र टिकते. विल्यम्स ही या धंद्यातील मोठी कंपनी. तिच्याच कारखान्यातून १९९२ साली ‘द अ‍ॅडम्स फॅमिली’ हे यंत्र बाहेर पडून २०,००० हून अधिक खपले होते. त्याच कंपनीने १९९९ साली पिनबॉलचा विभाग बंद केला. कारखाने असे मिटल्यावर सुटे भाग आणि त्यांचे ज्ञान ही दोन्ही दुर्मिळ होतात, हे लक्षात घेतले म्हणजे या श्रमाची किंमत कळते.

आणि असे श्रम करूनही भविष्याची शाश्वती नसते. त्याच कॅलिफोर्नियात बॅनिंग या गावी याहून मोठे पिनबॉल-संग्रहालय होते. आर्थिक ओढाताणीत ते बंद पडले आणि २०२१ साली तेथील हजाराहून अधिक यंत्रांचा लिलाव झाला. एका छपराखाली असलेला इतिहास हातोड्याच्या ठोक्यांनी घरोघरी पांगला. ला ग्वार्डियांचा घण आणि लिलावदाराची हातोडी यांत हेतूचे महदंतर आहे, परंतु समाजाच्या दृष्टीने परिणाम फारसा भिन्न नाही. सामुदायिक ठेवा कोणाच्या मालकीचा आणि कोणाच्या जबाबदारीचा, हा प्रश्न जेथे आधीच सुटलेला नसतो तेथे प्रेमाने जमविलेली वस्तूही बेवारस होते.

येथे आपल्या घराकडे वळावेसे वाटते. आपल्या देवस्थानांत वस्तू कशा टिकल्या, याचा विचार करावा. मूळ मूर्ती गाभाऱ्यात अचल असते. परंतु उत्सवमूर्ती पालखीत बसते, रथावर चढते, पावसापाण्यात भक्तांच्या खांद्यांवरून मिरवते. तिची झीज होते हे आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हते असे नाही. अचल आणि चल असे दोन भाग करून त्यांनी जतन आणि वापर या दोहोंचाही मान राखला. घुमटाचे उदाहरण तर आल्मेड्याच्या यंत्राशी थेट जुळते. मातीच्या त्या घटाला घोरपडीचे कातडे लावीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते निषिद्ध झाले. तेव्हा दोन मार्ग होते : जुनी घुमटे भिंतीला टांगून ठेवावयाची, किंवा बकऱ्याचे कातडे लावून वाजवीत राहावयाचे. कलावंतांनी दुसरा मार्ग धरला, आणि २०१९ साली गोवा शासनाने घुमटाला वारसा-वाद्य म्हणून मान्यता दिली तेव्हा ते वाद्य आरत्यांत वाजत होते. कातडे बदलले, नाद थोडा बदलला असेल, पण हात तोच राहिला. पिनबॉलची रबरी कडी बदलण्यात आणि घुमटाचे कातडे बदलण्यात तत्त्वतः भेद नाही.

याच्या उलट उदाहरणेही आपल्याकडे थोडी नाहीत. जीर्णोद्धाराच्या नावाखाली किती देवळांच्या भिंतींवरील काविकला गिलाव्यासह उतरविली गेली, याचा हिशेब जाणकारांनी वारंवार मांडला आहे. लाल मातीने आणि चुन्याने शे-दीडशे वर्षे टिकलेली चित्रे, गुळगुळीत फरशीच्या आणि तैलरंगाच्या हौसेपुढे एका हंगामात गेली. येथे वस्तू झिजली नाही, ती आपण काढून टाकली. आणि झीज दुरुस्त करणारे हात घडविण्याऐवजी झीज न होणारी सामग्री विकत घेतली. दुसऱ्या टोकाला, जुनी लालखी, जुने मुखवटे, लाकडी कोरीव खांब कुलुपात पडून वाळवीच्या स्वाधीन झाले, कारण ती ‘फार जुनी, हात लावू नये’ अशी आपली समजूत. नाश करणे आणि कुलूप लावणे या दोन्ही कृतींच्या मुळाशी एकच आळस आहे. वापरता वापरता दुरुस्त करीत राहण्याचे नित्याचे, कंटाळवाणे, अप्रसिद्ध काम कोणी करावयाचे, या प्रश्नाला दोन्ही ठिकाणी बगल दिलेली असते.

परदेशातील प्रत्येक गोष्ट अनुकरणीय असते असे मानण्याचे दिवस गेले, आणि एका खेळाच्या अड्ड्यावरून देवस्थानांच्या महाजनांनी धडा घ्यावा असे म्हणणे कित्येकांना अप्रशस्त वाटेल. परंतु तुलना यंत्राची आणि देवाची नाही. तुलना सांभाळणाऱ्यांची आहे. एका परकीय गावात काही माणसे, कायद्याने एकेकाळी घणाखाली घातलेला एक क्षुद्र खेळ, त्याच्या सुटलेल्या तारा जोडीत, लहान मुलांच्या हाती निर्धास्तपणे देत आहेत. यंत्र बिघडेल हे त्यांना ठाऊक आहे, आणि बिघडले तर ते दुरुस्त करणारा माणूस आपल्यापाशी आहे हेही ठाऊक आहे. आपल्या देवस्थान-समित्यांच्या पुढील वार्षिक सभेत नव्या सभामंडपाच्या अंदाजपत्रकाबरोबर एक लहानशी रक्कम, कावि काढणाऱ्या, घुमट मढविणाऱ्या आणि रथाचे चाक बसविणाऱ्या कारागिरापाशी एखादा मुलगा शिकावयास ठेवण्यासाठी मंजूर झाली, तर या परीक्षणाचे प्रयोजन साधले असे मी समजेन.